ग्राहक आहे, मालक नाही

शेंगेन व्हिसाच्या अर्जात सध्याचा व्यवसाय लिहून झाला की पुढचा रकाना मालकाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर मागतो. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जातही तोच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत येतो. नोकरदार माणूस तो रकाना अर्ध्या मिनिटात भरून पुढे जातो. स्वतंत्र सल्लागार मात्र तिथे अडतो. त्याला मालक नाही, ग्राहक आहेत, आणि तेही दोन-तीन देशांत विखुरलेले. मग कोणी स्वतःच्याच नावापुढे ‘प्रोप्रायटर’ लिहितो, कोणी घराच्या पत्त्यावर काढलेल्या फर्मचं नाव टाकतो. एजंट म्हणतो, ‘काही होत नाही, सगळे असंच भरतात.’ अर्ज पुढे सरकतो. पण हा माणूस परदेशात प्रत्यक्ष काम करायला निघाला की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तेव्हा प्रोप्रायटर लिहून भागत नाही.

बहुतेक देशांचा व्हिसा कायदा कामासाठी येणाऱ्या परक्या माणसाला दोनच रूपांत ओळखतो: पाहुणा किंवा नोकर. स्वतःच्या जबाबदारीवर करार करणारा, काम करून देणारा, बिल लावणारा आणि परत घरी येणारा माणूस या दोन्हींत बसत नाही. त्याच्यासाठी तिसरी वाट हवी, ती काढणं शक्य आहे, आणि तिच्यासाठी भारताने आग्रह धरला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

चिंचवडचे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. अॅल्युमिनियमच्या हाय प्रेशर डाय कास्टिंगमध्ये त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या नावावर सल्ल्याचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली असते: कास्टिंगमध्ये पोरॉसिटी येते, म्हणजे आत बारीक भोकं पडतात, माल रिजेक्ट होतो. हे गृहस्थ कास्टिंग आडवं कापायला लावतात, कापलेला भाग घासून गुळगुळीत करून घेतात आणि भिंगाखाली धरतात. भोक गोल आणि आतून चकचकीत असेल तर आत हवा किंवा वायू अडकलेला आहे. भोक वेडंवाकडं, खरबरीत असेल तर धातू गोठताना आकसला आहे. पहिल्याचा इलाज प्लंजरच्या वेगात, हवा बाहेर काढणाऱ्या व्हेंटमध्ये, डायवर मारायच्या स्प्रेच्या प्रमाणात. दुसऱ्याचा डायच्या तापमानात आणि शेवटच्या दाबात. फोटो आणि आकडे पाठवले तर यातलं निम्मं घरबसल्या कळतं. उरलेलं निम्मं मशिनपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ऑपरेटर स्प्रे कुठे जास्त मारतो, डाय किती वेळ उघडी राहते, शॉटचा आवाज कधी बदलतो, हे कॅमेऱ्यात येत नाही. दक्षिण जर्मनीतल्या एका फाउंड्रीला त्यांचं हे ज्ञान हवं आहे आणि त्याचे पैसे मोजायची तिची तयारी आहे. वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे. मागणी एवढीच आहे.

या माणसाला आपलं सरकार नीट ओळखतं. त्यांच्याकडे जीएसटी नंबर आहे. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा म्हणजे निर्यात, म्हणून ते दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून कर न लावता बिल काढतात. परदेशातून पैसे आले की बँक कोणत्या कामाचे ते विचारते आणि पर्पज कोड लावते. व्यवसाय कराचे, म्हणजे पीटीईसीचे, वर्षाला २,५०० रुपये जातात. छोट्या व्यावसायिकाला जमाखर्चाच्या जाचातून सोडवणारी अंदाजी उत्पन्नाची तरतूद २०१६ च्या अर्थसंकल्पाने आणली, ती अशाच लोकांसाठी.

एवढंच कशाला, दोन सरकारांमधले करारही त्यांना ओळखतात. दुहेरी कर टाळण्यासाठी भारताने जर्मनीशी केलेल्या करारात स्वतंत्र व्यावसायिक सेवांसाठी वेगळं कलम आहे. असा व्यावसायिक जर्मनीत कायमचं कार्यालय न थाटता वर्षात १२० दिवसांपेक्षा कमी राहिला, तर त्याच्या त्या उत्पन्नावर जर्मनी कर लावत नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांच्याशी केलेल्या करारांत ही मर्यादा ९० दिवसांची आहे. हे कलम लिहिणाऱ्यांनी स्पष्टच गृहीत धरलं आहे की भारतातला स्वतंत्र व्यावसायिक तिथे जाईल, काही आठवडे काम करेल, मोबदला घेईल आणि परत येईल. कर खात्याच्या लेखी ही रोजची गोष्ट आहे. पण तिथल्याच सरकारचं व्हिसा खातं विचारतं, तुमचा मालक कोण? कर घेताना दिसणारा माणूस सीमेवर दिसेनासा होतो. मला हा प्रश्न सोयी-गैरसोयीपेक्षा न्यायाचा वाटतो.

मालक असल्याशिवाय परक्याला कामासाठी आत घ्यायचं नाही, हा नियम मुळापासूनचा आहे असं आपण धरून चालतो. इतिहास नेमका उलटा आहे. अमेरिकेने १८८५ मध्ये कंत्राटी मजुरांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. फोरन कायदा म्हणून तो ओळखला जातो. आधीच कोणाशी तरी कामाचा करार करून, त्याने दिलेल्या तिकिटावर येणाऱ्या मजुराला त्या कायद्याने बंदी केली. कारखानदार परदेशातून स्वस्त माणसं करारात बांधून आणतात आणि इथल्या कामगाराची मजुरी पाडतात, ही तेव्हाच्या कामगार संघटनांची तक्रार होती आणि ती खरी होती. म्हणजे १८८५ मध्ये मालक ठरवून येणारा माणूस संशयित होता आणि स्वतःच्या हिमतीवर येणारा चालत होता. त्या कायद्यात अपवादही होते: नट, कलावंत, गायक आणि व्याख्याते. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या आणि मग गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. १८८७ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून त्यांनी आपल्या कामाला पैसा उभा केला. त्यांना तिथे मालक नव्हता आणि कोणी तो विचारलाही नाही.

पुढे चाक उलटं फिरलं. १९५२ च्या कायद्याने अमेरिकेत तात्पुरत्या कामगारांचा एच वर्ग आला, १९९० च्या कायद्याने त्यातून आजचा एच-१बी निघाला, आणि अर्ज करणारा अमेरिकी मालक हा त्याचा कणा झाला. बाकीचे देश कमीअधिक त्याच दिशेने गेले. कारण सरळ आहे. मालक म्हणजे सरकारला पकडायला मिळणारा माणूस. पगार किती दिला, विमा भरला का, मुदत संपल्यावर कामगार गेला का, हे सगळं त्याला विचारता येतं. मोठ्या कारखान्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या काळात ही सोय पटण्यासारखी होती. पण सोय म्हणून घेतलेला निर्णय पुढे तत्त्व होऊन बसला. ‘मालक नाही म्हणजे काम नाही’ हे समीकरण कोणी तपासूनच पाहिलं नाही.

आज या सल्लागारापुढे कोणत्या वाटा आहेत? अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण मराठी घरांत व्हिसा म्हटलं की पहिलं नाव तिचंच निघतं. बी-१ हा व्यापारी भेटीचा व्हिसा. त्यावर सहकाऱ्यांशी विचारविनिमय करता येतो, परिषदेला जाता येतं, कराराची बोलणी करता येतात. अमेरिकी ग्राहकाकडून मोबदला घेऊन तिथे बसून काम करता येत नाही. आता सल्लागाराच्या बाबतीत बोलणी कुठे संपतात आणि काम कुठे सुरू होतं? त्याचं बोलणं हेच त्याचं काम आहे. तासाचा दर त्या बोलण्याचाच आहे. ही रेघ कायद्याने कधी नीट आखली नाही आणि त्याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३.४ कोटी डॉलरची तडजोड केली. निमंत्रणपत्रांत ‘मीटिंग’, ‘चर्चा’ असे शब्द घालून प्रत्यक्षात बी-१ वर कामासाठी माणसं पाठवली, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला, कागदपत्रांच्या नोंदींतल्या चुका तेवढ्या मान्य केल्या. कंपनीपाशी वकिलांची फौज होती. एकट्या माणसावर हीच वेळ आली तर विमानतळावरून परत पाठवणी होते, पासपोर्टवर शिक्का बसतो, आणि पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात ‘पूर्वी कधी प्रवेश नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला हो लिहावं लागतं.

एच-१बी ला मालक लागतो. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० एवढीच कोट्यातली जागा, आणि तीही सोडतीत नंबर लागला तर. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने एक खिडकी उघडली होती. स्वतःच्या मालकीच्या अमेरिकी कंपनीमार्फत स्वतःसाठी अर्ज करणाऱ्याला त्या नियमाने स्पष्ट जागा दिली, पहिल्या मंजुरीची मुदत १८ महिन्यांची ठेवून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी होणाऱ्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा आकार बसवला. मोठ्या कंपनीला हा आकार जड आहे. एकट्या माणसासाठी त्याचा अर्थ खिडकी बंद, एवढाच. करार झालेल्या देशांच्या व्यापाऱ्यांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी अमेरिकेचे ई-१ आणि ई-२ व्हिसा आहेत. भारताशी तसा करार नाही, त्यामुळे ते आपल्यासाठी नाहीत. ज्यांना स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो, अशा वाटा ग्रीन कार्डच्या आहेत: असामान्य गुणवत्तेची किंवा राष्ट्रहिताची. म्हणजे सहा आठवड्यांच्या कामासाठी माणसाने कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा, आणि राष्ट्रहिताच्या वर्गात भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून लांब आहे. ज्याला पुण्यात परत यायचं आहे त्याला या रांगेत उभं करण्यात अमेरिकेचंही काही हित नाही.

जर्मनीचं चित्र याहून विचार करायला लावणारं आहे. तिथल्या वास्तव्य कायद्याच्या २१व्या कलमात स्वयंरोजगाराला जागा आहे आणि मुक्त व्यवसायांसाठी त्यात वेगळं उपकलम आहे. तिथला प्राप्तिकर कायदा मुक्त व्यवसायांची यादीच देतो: डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, सल्लागार अर्थतज्ज्ञ, पत्रकार, दुभाषे, अनुवादक. माणसाच्या कौशल्याला मालकाविना मान देणारी ही परंपरा आहे आणि तिचा मला आदर वाटतो. मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून अनुवादाच्या किंवा डिझाइनच्या कामासाठी बर्लिनला जाऊन राहू पाहणाऱ्या पुण्यातल्या तरुणीला ही वाट उपयोगी आहे. ग्राहकांची इरादापत्रं, आरोग्य विमा, राहण्याचा पत्ता, उत्पन्नाचा अंदाज अशी कागदपत्रं जमवली तर ती चालू शकते. पण ही वाट तिथे राहायला जाणाऱ्यांची आहे. चिंचवडच्या गृहस्थांना तिथे राहायचं नाही. शिवाय वयाची ४५ उलटलेल्या अर्जदाराला म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. ज्याचं सगळं मोल अनुभवात आहे, तो माणूस ४५ च्या पुढचाच असणार! आपल्या कंपनीने विकलेलं यंत्र बसवायला किंवा दुरुस्त करायला येणाऱ्या तिच्या नोकरासाठी जर्मन नियमांत ९० दिवसांपर्यंतची सोय आहे. तेच यंत्र नीट चालवायला शिकवणाऱ्या स्वतंत्र माणसासाठी इतकी सरळ वाट नाही. यंत्राबरोबर आलेलं ज्ञान आत जातं, माणसाबरोबर आलेलं दाराशी थांबतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, १०,००० तरुणांना तिकडे पाठवण्याचं उद्दिष्ट ठेवून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याची घोषणा केली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर यांना त्यातून मार्ग मिळत असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण हे सगळे आकडे नोकरीचे आहेत. ज्या राज्यात चाकण आहे, जिथे जर्मन गाड्या जुळवल्या जातात आणि जर्मन यंत्रांवर माणसं तीस-तीस वर्षं राबून तज्ज्ञ होतात, त्या राज्याने करारात स्वतंत्र तज्ज्ञासाठी एक ओळ मागायला हवी होती.

ब्रिटनने एकदा धाडस केलं होतं. २००२ मध्ये आलेली अत्यंत कुशल स्थलांतरितांची योजना आणि तिच्यानंतरचा टियर १ जनरल यांत शिक्षण, कमाई, वय यांचे गुण धरत. मालक लागत नसे, स्वतंत्र व्यवसायही करता येई. २००६ मध्ये नियम मागच्या तारखेपासून बदलून आधी आलेल्यांना अडचणीत टाकलं, त्यावर लोक न्यायालयात गेले आणि २००८ मध्ये जिंकले. शेवटी २०१०-११ मध्ये ती वाटच बंद झाली. आलेल्यांतले बरेच जण कौशल्याची कामं करत नाहीत, असं सरकारचं म्हणणं होतं. त्यात तथ्य असेलही. पण तिथेही परवाना वास्तव्याचा होता, विशिष्ट कामाशी त्याची गाठ नव्हती. गाठ घालण्याऐवजी दोरीच कापली.

डिजिटल नोमॅड व्हिसाचा बोलबाला या सगळ्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून त्याबद्दल एवढंच सांगतो की तो या प्रश्नाचं उत्तर नाही. एस्टोनियाने २०२० मध्ये सुरुवात केली, मग पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया, थायलंड. या बहुतेक व्हिसांची अट सारखीच: इथे राहा, इथे खर्च करा, काम बाहेरच्या ग्राहकाचं करा. स्पेनने तेवढी सवड ठेवली आहे की स्वतंत्र व्यावसायिकाला २० टक्क्यांपर्यंत काम स्पॅनिश ग्राहकांचं करता येतं. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा असा व्हिसा आणला, पण पात्र देशांच्या यादीत भारत नाही. ज्याला समुद्राकाठी लॅपटॉप उघडायचा आहे त्याच्यासाठी हे ठीक आहे. आपल्या सल्लागाराला मात्र नेमकं त्या देशातल्या ग्राहकापाशीच जायचं आहे, आणि नोमॅड व्हिसा नेमकं तेवढंच करू देत नाही.

लक्षात घेण्याजोगं पाऊल टाकलं ते संयुक्त अरब अमिरातीने. कफाला पद्धतीमुळे, म्हणजे कामगाराचा परवाना पुरस्कर्त्याच्या मुठीत ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळे, जो प्रदेश बदनाम होता, तिथे आता स्वतंत्र व्यावसायिकाला पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा स्वतःच्या नावावर मिळतो. फ्रीलान्स परवाना, पदवी किंवा विशेष पदविका, आणि आधीच्या दोन वर्षांत स्वयंरोजगारातून वर्षाला किमान ३,६०,००० दिरहम उत्पन्न, अशा अटी आहेत. रक्कम मोठी आहे, नवख्याला परवडणारी नाही. कफालाचा जाच तिथल्या बांधकाम मजुराला आजही आहे, हेही विसरता येत नाही. पण मालकाविना येणाऱ्या व्यावसायिकाचा हिशेब ठेवता येतो, एवढं अमिरातीने सिद्ध केलं आहे.

मालकाची अट ठेवल्याने फसवणूक थांबते का? माझं उत्तर आहे, नाही. तिची जागा बदलते. कायदा मालक मागतो, खरा मालक नसतो, म्हणून कागदावरचा मालक विकत मिळतो. अमेरिकेत एच-१बी वर माणसं आणून त्यांना दुसऱ्याच्या प्रकल्पावर लावणाऱ्या, काम नसेल तेव्हा ‘बेंच’वर बसवणाऱ्या आणि दरातला मोठा वाटा खाणाऱ्या लहानमोठ्या कन्सल्टन्सींचा अनुभव असलेली माणसं पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत भेटतील. युरोपात हीच गोष्ट सभ्य रूपात चालते. फ्रान्समध्ये तर ‘पोर्ताज सालारियाल’ नावाने ती कायदेशीर आहे: ग्राहक तुम्ही आणायचा, दर तुम्ही ठरवायचा, आणि मधली कंपनी तुम्हाला पगारी नोकर दाखवून आपलं कमिशन कापून घेणार. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुराला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. कारखान्याचा करार मुकादमाशी, उचल मुकादमाच्या हातून, आणि फडात कोयता चालवणाऱ्याचं नाव कारखान्याच्या कागदावर कुठेच नाही. सल्लागाराचे हाल मजुराइतके होत नाहीत, त्याचं पोट त्या दिवसावर नसतं. पण जो माणूस काम करतो तो कागदावरून गायब आणि जो काहीच करत नाही तो मालक, ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे.

विरोधी बाजू मात्र पोकळ नाही, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय ही मागणी करण्यात अर्थ नाही. जर्मन कामगार संघटना खोट्या स्वयंरोजगाराबद्दल बोलतात तेव्हा त्या कल्पित भुताशी लढत नसतात. माणसाला रोज सकाळी आठला बोलवायचं, एकाच साहेबाच्या हुकमात राबवायचं, पण नोकर न म्हणता ‘कंत्राटदार’ म्हणून त्याचा विमा आणि निवृत्तिवेतन बुडवायचं, हा उद्योग सगळीकडे चालतो. ब्रिटनने २००० सालीच त्याविरुद्ध कराचे नियम आणले. आपल्याकडे डिलिव्हरीच्या कामावरची पोरं याच नावाखाली राबतात. उद्या स्वतंत्र व्यावसायिकाचा परवाना सरसकट उघडला तर कंपन्या भारतातून शंभर ‘सल्लागार’ स्वस्तात आणतील आणि तिथल्या अभियंत्याची नोकरी जाईल, ही भीती रास्त आहे. मी त्या अभियंत्याच्या जागी असतो तर मलाही ती वाटली असती.

म्हणूनच परवाना माणसाला किंवा मालकाला न देता कराराला द्यावा. विशिष्ट ग्राहक, विशिष्ट काम, विशिष्ट मुदत. वर्षाला ९० दिवस ही मर्यादा नव्याने शोधायची गरज नाही, कर करारांनी ती आधीच वापरात आणली आहे. करार आधी नोंदवावा आणि त्यात कामाचं खरं वर्णन असावं. दराला खालची मर्यादा असावी, आणि ती त्या देशातल्या त्या कामाच्या चालू दरापेक्षा वर असावी. स्वस्त म्हणून बोलावण्याचं आमिषच संपलं की उरतात ते ज्ञानासाठी बोलावणारे. एकाच ग्राहकाकडे वर्षानुवर्षं सलग ९० दिवस भरणारा माणूस नोकर आहे असं मानावं आणि त्याला नोकराचे सगळे हक्क द्यावेत. अनामत रक्कम ठेवून घ्यावी, परत गेल्यावर ती मिळावी. या परवान्यातून कायमच्या वास्तव्याचा जिना नसावा. ज्याला स्थायिक व्हायचं आहे त्याने त्यासाठीच्या वाटेने यावं. ही मर्यादा सल्लागाराच्याही हिताची आहे, कारण ‘हा परत जाणार नाही’ या संशयावरच त्याचा अर्ज सर्वांत जास्त वेळा अडतो.

यात क्रांतिकारक काही नाही. सेवांच्या व्यापाराचा सर्वसाधारण करार, म्हणजे गॅट्स, १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. सेवा सीमेपलीकडे जाण्याचे चार प्रकार त्यात धरले आहेत आणि चौथा प्रकार माणसाने स्वतः जाऊन सेवा देण्याचा आहे. करारासोबतच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलं आहे की नोकरीच्या बाजारात शिरणाऱ्यांना, नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य मागणाऱ्यांना हा करार लागू नाही. म्हणजे सेवा देऊन परत जाणारा माणूस आणि स्थलांतरित यांच्यातला फरक तीस वर्षांपूर्वीच मान्य झाला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या २००५ च्या हाँगकाँग जाहीरनाम्यात तर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ हा वर्ग नावानिशी आहे, आणि त्याच्यासाठी परदेशात कार्यालय असण्याची अट नसावी, असं उद्दिष्टही आहे. ही मागणी लावून धरणाऱ्यांत भारत पुढे होता. नंतर संघटनेच्या वाटाघाटींची दोहा फेरी रखडली आणि हा वर्ग कागदावर राहिला.

आता तो एकेका देशाशी होणाऱ्या करारांतून परत येतो आहे. २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्वतंत्र व्यावसायिकांना जागा आहे. शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी वर्षाला १,८०० जागांची तरतूदही आहे. मला याचा आनंद आहे. पुण्यातला तबलावादक लंडनला रीतसर कामासाठी जाईल, त्याला पाहुणा म्हणून लपून वाजवावं लागणार नाही, ही लहान गोष्ट नाही. पण ब्रिटनच्या ज्या मार्गाने असे सेवादाते जातात, त्यात तिथल्या ग्राहकाला आधी प्रायोजकाचा परवाना घ्यावा लागतो. शुल्क, नोंदी, तपासण्या, सगळं त्याच्या अंगावर. तीन आठवड्यांच्या सल्ल्यासाठी चाळीस माणसांचा कारखाना एवढं करणार नाही. वाट उघडली आहे, पण तिचं दार मालकासारख्याच कोणाच्या तरी हातात ठेवलं आहे. पुढच्या बोलण्यांत भारताने इथे बोट ठेवायला हवं: परवाना ग्राहकाच्या नावावर नको, नोंदवलेल्या कराराच्या नावावर हवा.

हे मागताना आपले हात बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. भारताच्या रोजगार व्हिसाच्या नियमांत स्वतंत्र सल्लागार म्हणून अभियांत्रिकी, वैद्यकीय, लेखा, कायदा अशा उच्च कौशल्याच्या सेवा देण्यासाठी येणाऱ्या स्वयंरोजगारी परदेशी व्यक्तीचा उल्लेख आहे, त्या सेवेला इथल्या कायद्याची मुभा असेल तर. गोव्यात पर्यटक व्हिसावर येऊन भाड्याच्या खोलीत परदेशी कंपन्यांचं काम करणाऱ्यांबाबत आपले नियम धूसर आहेत, तेही नीट करावेत. पण कागदावर आपण जे देतो तेच परत मागतो आहोत.

उणीव आहे ती आपल्या बाजूच्या तयारीत. २०२४-२५ मध्ये भारताची सेवा निर्यात ३८७ अब्ज डॉलरच्या घरात होती आणि तिच्या नावाने बोलायला मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना आहे. तिला आपल्या नोकरांच्या बदल्या सुलभ हव्या असतात, म्हणून करारांत कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा नेहमी नीट बसतो. एकट्याने काम करणाऱ्यांची संघटना नाही. दुसरी अडचण पात्रतेची. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने वैधानिक परिषद आहे, सनदी लेखापालाला संस्था आहे, डॉक्टरला नोंदणी आहे. अभियंत्यांसाठी तशी वैधानिक परिषद देशात नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स चार्टर्ड इंजिनिअर हे प्रमाणपत्र देते, पण ते घेतलेले सल्लागार थोडे. त्यामुळे परदेशी दूतावासाने ‘हा तज्ज्ञ आहे हे कशावरून’ असं विचारलं, की चिंचवडच्या गृहस्थांपाशी दाखवायला जुन्या कंपनीचं अनुभवपत्र असतं आणि ग्राहकांचे ईमेल असतात.

व्यापारी मंडळं आपल्या सभासद कंपन्यांना व्हिसासाठी शिफारसपत्रं देत आली आहेत. त्यांनी स्वतंत्र सल्लागारांसाठी वेगळी नोंदवही उघडावी: शिक्षण, कामाची वर्षं, तीन वर्षांची विवरणपत्रं आणि परकीय चलनात आलेल्या बिलांचा तपशील तपासून, दर वर्षी नव्याने. मंडळाने ज्याची खात्री दिली तो माणूस मुदतीत परत आला नाही तर त्याचं नाव काढावं आणि तसं दूतावासाला कळवावं. सरकारला पकडायला कोणीतरी लागतं, ही मालकामागची मूळ गरज अशा नोंदवहीने भागते, आणि तीही सल्लागाराच्या कमाईत वाटा न मागता. तोवर सल्लागारांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की निमंत्रणपत्रात खरं काम लिहून घ्या. ‘चर्चेसाठी’ असं लिहून मशिनपाशी उभे राहू नका. व्हिसा नाकारला गेला तर तसं कारणासह लेखी राहू द्या आणि वाणिज्य मंत्रालय एखाद्या कराराआधी मतं मागवेल तेव्हा तो कागद तिथे पाठवा. वाटाघाटीला बसलेल्या अधिकाऱ्याला अशा पंचवीस-तीस नकारपत्रांचा गठ्ठा मिळाला, तर कोणत्या देशाकडे नेमकं कोणतं कलम मागायचं हे त्याला त्यातूनच कळेल.